मनुक्यांतला आठवा खडा

४ जून

धाकट्यास,

मायना काय लिहावा यातच दोन दिवस गेले. 'चिरंजीव' लिहावं तर तू आता एकोणपन्नास वर्षांचा. 'प्रिय' लिहावं तर बत्तीस वर्षांत मी तुला एक ओळ धाडलेली नाही. आणि 'स. न. वि. वि.' लिहिलं असतं, तर तू वीज कंपनीचं पत्र समजून न वाचताच टाकून दिलं असतंस. म्हणून नुसतं धाकट्यास. हे नाव तरी अजून तुझंच असेल.

पत्ता मावशीकडून मिळाला. सहजासहजी नाही. "त्याला त्रास द्यायचा असेल तर देणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, या खेपेला त्रास मला झालाय." मग दिला.

मुद्द्याचं आधी. मला मुतखडा झाला होता. संस्कृतात याला अश्मरी म्हणतात. ऐकायला एखाद्या राजकन्येचं नाव वाटतं. गाठ पडली की कळतं.

तिसऱ्या तासाला विभक्ती शिकवत होते. चतुर्थीपर्यंत ठीक होते. पंचमीला डाव्या बरगडीखाली, मागच्या बाजूने, कुणीतरी अंगठा रोवला. षष्ठीपर्यंत त्या अंगठ्याची मूठ झाली, आणि सप्तमी मुलींनी आपापली वाचून घेतली. मी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि तपासलेल्या पेपरांवर ओकले. उभं राहवेना, बसवेना, आडवं पडावं तर तेही नाही. शेवटी जमिनीवर गुडघे टेकले, खुर्चीच्या बैठकीवर कपाळ ठेवलं आणि पुढेमागे झुलत राहिले. खेळाच्या बाई आत आल्या. "तुम्ही प्रार्थना करताय का? मी नंतर येते," म्हणाल्या.

त्या खुर्चीवर डोकं असताना मला एक धक्का बसला. दुखण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. त्याबद्दल आत्ता नको.

हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची एक डॉक्टरीण आहे, ती म्हणाली, "नऊ मिलिमीटर. पाचाच्या आतले बहुतेक आपणहून पडतात. याला आणायला जावं लागेल." मग दुर्बीण घालून, लेझरने फोडून त्याला आणलं, आणि आत एक बारीक नळी ठेवली. फोडताना नासक्या अंड्यासारखा वास आला म्हणे. तिला तेव्हाच शंका आली. तुकडे प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं, सिस्टिन.

आता नीट वाच. बहुतेकांचे खडे कॅल्शियमचे असतात. हा तसला नाही. प्रथिनांतला एक घटक असतो, तो मूत्रपिंडाने गाळून परत घ्यायचा असतो. आपल्यासारख्यांचं मूत्रपिंड तो परत घेत नाही, सोडून देतं. लघवीत तो विरघळत नाही आणि त्याचे खडे होतात, पुन्हा पुन्हा होतात. हे जन्माचं आहे. आईकडून अर्धा दोष, बाबांकडून अर्धा. वारसाहक्कात मला दुसरं काही मिळेल असं दिसत नाही, तेव्हा हे तरी पूर्ण मिळालं. सख्ख्या भावंडांत चारांत एकाला निघण्याची शक्यता असते.

"भावंडं किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक भाऊ."

"त्याला कधी खडा झाला होता?"

"नाही," मी म्हटलं.

तर एवढ्यासाठी हे पत्र. लघवीची एक साधी तपासणी असते आणि एक सोनोग्राफी. करून घे. मूलबाळ असेल तर त्याचीही कर. निघालंच, तर दिवसभर थोडं थोडं करत साडेतीन-चार लिटर पाणी, मीठ कमी, मांस बेताने, आणि लघवीचा आंबटपणा घालवणारं एक औषध. बाकी काही सोडायचं नाही. आमच्या शाळेत गणिताच्या बाईंनी माझे टोमॅटो बंद केले, चित्रकलेच्या सरांनी दूध बंद केलं, आणि शिपाई म्हणाला, बिअर घ्या. डॉक्टरीण म्हणाली, "टोमॅटो चालू, दूध चालू, सल्ले बंद."

उजवीकडेही किरकोळ काहीतरी दिसलं, ते राहू दे.

बाबा त्र्याऐंशीचे आहेत, अजून बेकरीच्या गल्ल्यावर बसतात. मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही. तुझी पत्रं तेव्हा परत गेली. बाबांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

तपासणी कर.

ताई


२ जुलै

धाकट्या,

उत्तर नाही. येणार नाही हे धरूनच चालले होते, तरी पोस्टमन दिसला की चष्मा शोधते.

नळी काढायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भावाला कळवलंत?"

"कळवलं."

"काय म्हणाले?"

"विचार करतोय."

वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलीकडे मी जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत होती. रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता म्हणाली, "लहानपणी त्यांचं पोट दुखायचं का हो? एका बाजूने, पाठीकडून? उलट्या? आणि मग एकदम, काही झालंच नव्हतं असं?"

बत्तीस वर्षं ज्या प्रश्नाला मी वळसा घालून चालले, तो तिने असा पट्टा फुगवता फुगवता विचारला.

"हो," मी म्हणाले. "तीनदा."

"मागे तर नाही म्हणालात."

"ते ढोंग होतं."

तोंडातून असंच आलं, बाबांच्या आवाजात. तिने पट्ट्यातली हवा सोडली, पण रक्तदाब लिहिला नाही. पुन्हा घेतला.

मग मी तिला आपला नियम सांगितला. सांगेपर्यंत मला तो चमत्कारिक वाटलाच नव्हता. आमची बेकरी, मी म्हणाले. पहाटे चारला भट्टी पेटायची. भट्टी पेटली की पेले पालथे. फळीवर घरातल्या चौघांचे चार पेले, ते अकराला शेवटचा पाव निघेपर्यंत कुणी सरळ करायचे नाहीत. पाणी प्यालेला माणूस बाहेर जातो, बाहेर गेलेला वेळेवर येत नाही, आणि फुगलेलं पीठ कुणासाठी थांबत नाही.

"भट्टीसमोर?" ती म्हणाली. "सात तास? घाम गाळत?"

"आम्हाला त्याचा अभिमान होता."

"या आजाराला एकच गोष्ट सोसत नाही, कोरडं राहणं," ती म्हणाली. "तुमच्या घरी त्याला चक्क तालीम मिळाली."

तालीम माझीही चालूच होती. सकाळी भरलेली बाटली मी तीस वर्षं शाळेतून अर्धी परत आणते आहे, आणि मुलींना सांगते आहे, बघा, संयम.

त्या खुर्चीबद्दल लिहायचं टाळलं होतं. कपाळ टेकलेलं, गुडघ्यांवर, पुढेमागे झुलणारं माणूस मी आधी पाहिलं होतं. खुर्चीच्या जागी मैद्याचं पोतं होतं. वसतिगृहाची मोठी ऑर्डर होती, तुझ्या ताब्यातला घाणा करपत होता आणि बाबा तुझ्यावर उभे होते. "ऊठ. नाटकं पुरे." आदल्या संध्याकाळी तू लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीच्या परीक्षेला जायची सुट्टी मागितली होतीस. ती मिळाली नव्हती. त्यामुळे सकाळचं दुखणं आम्हा सगळ्यांना फार सोपं वाटलं. त्यातून दुपारी तू चार पाव खाल्लेस. "सकाळी मरायला टेकलेला दुपारी चार पाव खातो?" बाबा म्हणाले. मी हसले. हसले होते, आठवतं मला.

तिसऱ्या खेपेला तू पुरावा आणलास. बिस्किटांच्या कागदात गुंडाळलेला, मसुरीएवढा, मधाच्या रंगाचा एक खडा. "हे पडलं," म्हणालास. आई रडत होती. बाबांनी तो पीठ मळायच्या मेजावर ठेवला आणि माझ्याकडे वळले. "तू शिकतेयस ना? तू सांग, काय आहे हे."

मी वीस वर्षांची. त्या वर्षी आम्हाला न्यायशास्त्र होतं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही प्रमाणं मला झोपेतही म्हणता येत, आणि घरी ऐकायला कुणी नव्हतं. शिवाय मनुके निवडायचं काम माझं. त्या सकाळी सात खडे निघाले होते. मी तुझा खडा बोटाच्या टोकावर घेतला, उजेडात धरला आणि निकाल दिला.

"हा आठवा. मनुक्यांतला."

धूर तिथे अग्नी, हे मला शिकवलं होतं. पिवळा तिथे मनुका, हे माझं मी रचलं.

"ताई, नीट बघ," तू म्हणालास.

"बघितलं."

मनुक्यांत निघालेले खडे बाबा वर्षअखेर व्यापाऱ्याला दाखवायला एका बरणीत साठवत, ती पुराव्याची बरणी. तुझा खडा मीच तिच्यात टाकला. टण् असा आवाज झाला. तू बाबांकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. पाचव्या दिवशी तुझी गादी गुंडाळलेली होती.

हे सगळं तुला माहीत आहे. मला हे आज कळतंय, म्हणून लिहिलं.

तुझी तपासणी झाली का?

ताई


२१ जुलै

धाकट्या,

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी थांबेन असं तुला वाटत असेल, तर तू मला विसरलास.

बारा दिवसांपूर्वी दुकानात गेले. बाबा गल्ल्यावर होते.

"बाबा, पुराव्याची बरणी कुठे आहे?"

"आहे तिथे आहे. कशाला?"

"बघायचीय."

"तो व्यापारी गेला. त्याचा मुलगासुद्धा म्हातारा झाला."

"मग बरणी का ठेवलीत?"

"पुरावा आहे," बाबा म्हणाले. कुणाविरुद्ध, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ती भट्टीमागच्या फळीवर होती, पालथ्या पेल्यांच्या वर. काठोकाठ भरलेली. मी मोठ्या पत्र्यावर पांढरं कापड पसरलं आणि थर थर उपसायला लागले. तुझे भावजी, ज्यांना तू पाहिलेलं नाहीस, मदतीला होते. ते जमीन मोजणीच्या खात्यात आहेत, त्यामुळे दगडधोंड्यांचा त्यांना कंटाळा येत नाही. "हे अलीकडचे," ते वरच्या थराबद्दल म्हणाले, "हे आपल्या लग्नाच्या सुमाराचे." मी भिंग धरून बसले होते. शेजारी छोट्या कुपीत माझ्या खड्याचे तुकडे, हॉस्पिटलने आठवण म्हणून दिलेले.

तासाभराने बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काय शोधतेस?"

"आठवा खडा."

कोणता आठवा, असं त्यांनी विचारलं नाही. चौकट घट्ट धरली. मग म्हणाले, "तळाशी बघ. तेव्हा बरणी चार बोटंसुद्धा भरली नव्हती."

धाकट्या, माझा हात तिथेच थांबला. बत्तीस वर्षं ज्या माणसाने तुझं नाव घेऊ दिलं नाही, त्याला बरणी किती भरली होती ते आठवत होतं.

तळाशी सापडला. इतर खडे खरबरीत, करडे, कोरडे. हा मेणचट, मधाळ, जरासा आरपार. कुपीतल्या तुकड्याशेजारी ठेवला. तुझे भावजी वाकून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे तर भाऊबहीण दिसतात."

तरी मी अनुमानावर थांबले नाही. एकदा थांबले होते. तो खडा आणि सोबत मनुक्यांतला एक खराखुरा खडा घेऊन प्रयोगशाळेत गेले. खिडकीतल्या माणसाने अर्ज भरायला घेतला.

"रुग्णाचं वय?"

"सतरा."

"कधी पडला?"

"बत्तीस वर्षांपूर्वी."

त्याने पेन खाली ठेवलं. "आणि आत्ता आणताय?"

"हो," मी म्हटलं. "जरा उशीर झाला."

आठ दिवसांनी अहवाल मिळाला. पहिला नमुना, वाळूचा खडा. दुसरा नमुना, सिस्टिन, शुद्ध. मी तिथल्या बाकावर बसले आणि तीनदा वाचलं, शुद्धलेखन तपासायच्या सवयीने. चूक कुठेही नव्हती. सतराव्या वर्षी तू सांगितलंस ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि ते खोटं ठरवणारी मी होते. खिडकीतल्या त्या माणसाने बाहेर येऊन पाणी दिलं. ते मी पूर्ण प्याले.

बाबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे?" ते म्हणाले.

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"दुपारी चार पाव खाल्ले होते त्याने."

"खडा खाली सरकला की दुखणं थांबतं, बाबा. एकदम. मग भूक लागते. मलाही लागली होती."

त्यांनी फडकं घेतलं आणि गल्ला पुसायला लागले. पुसलेली जागाच पुसत होते. मी निघाले तरी चालूच होतं.

आता दोन गोष्टी राहिल्या. त्या लिहिल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकायचं नाही असं ठरवून बसले आहे.

एक. मी तेव्हा नुसती हुशारी मिरवत नव्हते. तू लिफ्टवाल्यांकडे गेलास तर भट्टीवर माझी पाळी येईल आणि कॉलेज सुटेल, अशी मला भीती होती. तू खोटा ठरणं माझ्या सोयीचं होतं. गंमत बघ, तू गेल्यावर बाबांनी आठवड्यात एक कारागीर ठेवला. माझं एक पुस्तकही सुटलं नाही.

दोन. पहिल्या पत्रात लिहिलं की तुझी पत्रं परत गेली, बाबांचा स्वभाव. बाबांनी नुसतं 'परत' म्हटलं होतं. लिफाफ्यावर 'घेण्यास नकार' लिहिणारी मी. माझं अक्षर चांगलं म्हणून. तीनही लिफाफ्यांवर. एकही उघडला नाही, तीनही वेळा शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

अहवालाची प्रत सोबत आहे. मूळ माझ्याकडे ठेवलं आहे, पुरावा म्हणून. आता तरी तपासून घे. चारांत एक वगैरे हिशेब आता उरलेला नाही. तुला आहे.

ताई


१८ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पाकीट आलं. सही करताना पोस्टमन म्हणाला, "बाई, आत आणखी एक पाकीट दिसतंय." मी म्हटलं, "दिसू दे."

आत त्या तिनांतलाच एक लिफाफा. कडा पिवळ्या पडलेल्या, कुठेही फाटलेला नाही. त्यावर माझं सुरेख अक्षर, 'घेण्यास नकार'. खाली ताज्या निळ्या शाईत तुझं, 'पुन्हा पाठवत आहे.'

मी तो मेजावर ठेवला आणि आधी एक पेला पाणी प्याले. हात धुतले. मग सुरीने उघडला, कडा न फाडता, जणू अजून कुणाला तो परत करायचा होता.

तुला तुझीच ओळ आठवत असेल की नाही कोण जाणे, म्हणून उतरवून पाठवते.

'ताई, तू हे उघडशील असं वाटत नाही, पण तुझा चोंबडेपणा बाबांच्या हुकमापेक्षा मोठा आहे यावर माझी भिस्त आहे. मला इथे पुन्हा झालं. डॉक्टर म्हणतात हा खडा निराळा आहे, जन्माचा, आईबाबा दोघांकडून येतो. भावंडांना असू शकतो. तुझं दुखत नसलं तरी तपासून घे, काहींचं वर्षानुवर्षं दुखत नाही आणि आत नुकसान चालू असतं. रोज तीन-चार लिटर पाणी पी. पेले गेले खड्ड्यात. मी सांगितलं असं बाबांना सांगू नको, नाहीतर ते पेल्यांना कुलूप घालतील. कॉलेजात नळ कुठे आहे ते बघून ठेव. आईला सांग मी जेवतो.'

बस. मनुक्यांबद्दल एक अक्षर नाही. मी पाठपोट पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. तुला तेव्हाच कळलं होतं की तू खरा होतास, तुझ्या हातात डॉक्टरचा शब्द होता, आणि तू ते लिहिलं नाहीस. मला पाणी प्यायला सांगितलंस.

मी तुला तीन पत्रं लिहून जे शहाणपण शिकवत होते, ते तू मला तीस वर्षांपूर्वी पोस्टाने पाठवलं होतंस. लिटरसुद्धा जवळपास तेच.

सोबतची चिठ्ठी नंतर वाचली. डावं मूत्रपिंड एकतिसाव्या वर्षी काढलं, उजवं उत्तम. मुलगी बावीस वर्षांची, तपासलं आहे, तिला आजार नाही. ही शेवटची ओळ मी तुझ्या भावजींना मोठ्याने वाचून दाखवली. मला भाची आहे हे मला काल साडेअकराला कळलं.

आणि मग तुझे प्रश्न. 'तुझं उजवीकडचं किरकोळ म्हणजे किती? खरं लिही. रोज किती पितेस?'

तुझ्यापासून लपवणं मला कधीच जमलं नाही, फक्त तुझ्यावर ढकलणं जमलं. तर खरं लिहिते. उजवीकडे हरणाच्या शिंगासारखा, फांद्या फुटलेला खडा आहे, सगळ्या पोकळीत भरलेला. कधी दुखला नाही. त्या बाजूचं काम आता बारा टक्के उरलं आहे. पुढच्या महिन्यात पाठीतून छिद्र पाडून तो काढतील. काढून उपयोग नसेल तर मूत्रपिंडही काढतील. डावं चांगलं आहे, त्याला जपायचं आहे. काल तुझं जुनं पत्र मी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. तिने तारीख पाहिली, लिफाफा पाहिला, 'घेण्यास नकार' वाचलं. "हे कुणी लिहिलंय?" म्हणाली. मी म्हटलं, "रुग्णाने." तिने पत्र जपून लिफाफ्यात घालून परत दिलं. तिलाही काही गोष्टी कळतात.

तुझं उजवं आणि माझं डावं. दोघांत मिळून एक धड माणूस होतो, तेव्हा आता भांडण परवडणार नाही.

काल दुपारी पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'पेल्यांना कुलूप' इथे मी थांबले, तर म्हणाले, "पुढे." 'आईला सांग मी जेवतो' इथे त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "आईला सांगितलं होतंस?"

"पत्र उघडलंच नव्हतं, बाबा."

"हो," ते म्हणाले. "मीच परत म्हटलं होतं."

आई त्यानंतर नऊ वर्षं होती, धाकट्या. तू जेवतोस की नाही हे ती मला विचारायची, आणि मी म्हणायचे, जेवत असेल.

आज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी बेकरीत डोकावले. भट्टी पेटलेली होती, कारागीर पाव घालत होता. फळीवर चारही पेले सरळ ठेवलेले, काठोकाठ भरलेले. आईचाही. तुझा तो कडेला टवका गेलेला, तोही. बाबा स्टुलावर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवून होते, पूर्वी पालथे आहेत ना हे बघायचे तसे. मला म्हणाले, "पी." मी माझा प्याले. त्यांनी तुझा माझ्या हातात दिला. "हाही पी. त्याला कळव."

म्हणून कळवते. तू इथे कधी येणार हे मी विचारत नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क मी तीन लिफाफ्यांवर लिहून परत केला आहे. आलास तर पेला भरलेला असेल, एवढंच.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी त्या दिवशी मेजापाशी प्रत्यक्ष सांगितलं, अनुमान सांगितलं, आणि शेवटचं प्रमाण गाळलं. विश्वासातल्या माणसाचा नुसता शब्द, हेही प्रमाण असतं. परीक्षेत मला त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

आज साडेतीन लिटर. यावर माझ्याकडे पुरावा नाही. माझा शब्द आहे, घेशील तर.

ताई